कॉलेज मोठं, पण बोलायला कुणीच नाही

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे. पहिल्या सेमला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, बॅक राहिला. वर्गात सगळ्यांचे ग्रुप ठरलेले, मी काही बोलले की दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसतात, म्हणून आता बोलणंच बंद केलंय. कॉलेज सुटलं की सरळ होस्टेलवर, डबा लावलाय तो खायचा अन् पडून राहायचं. आई म्हणते ये निघून, पण बाबांनी फीसाठी कर्ज काढलंय. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : चुकत काही नाही गं, पण मला तो डबा खटकतोय. दिवसभर कुणाशी बोलणं नाही आणि रात्री कॉटवर बसून मोबाईल बघत एकटीनंच जेवायचं, मग दुसरं काय होणार. डबा बंद कर आणि मेसला बसून जेवायला लाग. रोज त्याच वेळेला गेलीस की चेहरे ओळखीचे होतात, लोणचं सरकव, आज भाजी कसली केलीये, एवढ्यावरनं बोलणं सुरू होतं आणि तिथं परभणी-बीडच्या पण पोरी भेटतात, त्या कशाला हसतील तुझ्या बोलण्याला.

वर्गातल्या ग्रुपमधे घुसायचा नाद सोड. हातात एखादं काम असलं की ओळखी आपोआप होतात. पुण्यात फिरोदिया करंडक असतो बघ, एकाच सादरीकरणात नाटक, गाणं, नाच, चित्रं असं सगळं गुंफायचं, म्हणजे अभिनय येत नसला तरी रंग कालवायला, सेट उचलायला माणसं लागतातच. तालमी उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे होस्टेलच्या गेटच्या वेळेचं काय ते रेक्टरांशी आधीच बोलून घे. ते नको वाटलं तर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहे, २ वर्षांत २४० तास काम आणि ७ दिवसांचं गावातलं शिबिर. तिथं शहरातल्या पोरांना कुदळ नीट धरता येत नाही, त्यांना तुलाच दाखवावं लागेल.

नॅक म्हणून कॉलेजांना दर्जा देणारी संस्था आहे, तिच्यासाठी कॉलेजं मेंटॉरच्या, म्हणजे कुठल्या शिक्षकांनी कुठल्या मुलांकडे लक्ष द्यायचं त्याच्या याद्या करतात, बऱ्याचदा त्या फायलीतच राहतात, पण कुणातरी मॅडमच्या यादीत तुझं नाव असणारच. त्यांच्याकडे जाऊन नुसतं 'करमत नाही' म्हणू नकोस, ते ऐकून त्याही गोंधळतात. 'एम-वन शिकवेल असं कुणी सिनियर आहे का' असं नेमकं विचार. हसणं अधूनमधून असेल तर सोडून दे, पण मुद्दाम चालू राहिलं तर तारखेसकट लिहून ठेव आणि त्याच मॅडमना दाखव, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाषेवरनं, प्रदेशावरनं त्रास देणं पण येतं.

आणि हे सिरियसली घे. झोप नाही, जेवण जात नाही असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना नाहीतर कॉलेजच्या काउन्सेलरना भेट, आणि जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.

आईला 'परत येऊ का' असं विचारशील तर ती ये म्हणणारच, आईच ती. तिला फक्त आज काय झालं ते सांगत जा, बाकी कॉलेज सोडायचं का नाही ते एम-वनचा पेपर झाल्यावर बघू, तेव्हा मला परत लिही.