आईचा गुडघा बदलायचाय, ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून घरच्यांनी काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय, आई निपाणीच्या, वय ६८, शुगर आहे, उजवा गुडघा पुढच्या महिन्यात बेळगावात बदलायचाय. मी बेळगावातच ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, म्हणून सांगते.

आधी मिश्री लावतात का ते विचारा. डॉक्टर विचारतात, 'तंबाखू खाता का?' आणि आपल्याकडच्या बायका अगदी मनापासून 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. पण ती भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, जंतूंचं फावतं. निदान चार आठवडे आधी ती सुटायला हवी. गुडघेदुखीवर कुणाकडून पुड्या आणल्या असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा, त्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं.

तीन महिन्यांची शुगर (एचबीएवनसी) बरेच सर्जन साडेसात-आठच्या आत मागतात. जास्त असेल तर तारीख पुढे गेली तरी चालेल, घाई नको. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, टाचेच्या भेगा हे सगळं आधी बरं करून घ्या. जंतू एकदा बसवलेल्या सांध्यावर थर धरून बसले की औषध त्यांना पुरत नाही, प्रसंगी सांधाच काढावा लागतो. आणि पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक चिरा पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी रुग्णाला नाव, ऑपरेशन आणि बाजू विचारायची, हे तिच्यात आहे. मला काळजी वाटते ती इथे. प्रश्न कानडीत किंवा इंग्रजीत आला की आपल्या वयस्क बायका नुसती मान हलवतात. आईंना आधीच सांगून ठेवा, 'उजवा गुडघा' असं मराठीत, तोंडाने म्हणायचं. पायावर मार्करची खूण झाली का, तेही पाहा. चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक दिलं जातं ना, हे डॉक्टरांना खुशाल विचारा.

त्याच किंवा दुसऱ्या दिवशी आईंना उभं केलं तर 'झोपू द्या हो' म्हणू नका. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनच ते करतात.

घरी निघताना बसवलेल्या सांध्याच्या पाकिटावरचे, कंपनी आणि नंबर लिहिलेले स्टिकर फाइलमध्ये आहेत ना ते बघा. २०१० साली डीप्यू कंपनीने एएसआर हा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला, तेव्हा भारतातल्या कितीतरी रुग्णांचा पत्ताच लागला नाही. स्टिकरचा फोटो काढून घरात दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.