तरस, गिधाड आणि ‘मृतोपजीवी’

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याकडील वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगघाट अभयारण्यात आढळल्यानंतर ‘वाघाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या मृतोपजीवी प्राण्यांना आधार मिळेल’ असे वाक्य वाचनात आले, त्यातील ‘मृतोपजीवी’ आणि ‘उष्टे’ हे शब्द योग्य आहेत का, अशी पृच्छा आहे.

‘मृतोपजीवी’ येथे चुकीचा आहे. कुजणाऱ्या पदार्थांतून अन्न शोषून घेणाऱ्या भूछत्रासारख्या सजीवांसाठी तो पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला आहे. तरस, कोल्हा व गिधाड मेलेल्या जनावराचे मांस प्रत्यक्ष खातात, म्हणून त्यांना ‘मृतभक्षक’ म्हणावे.

‘उष्टे’ या शब्दाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, कारण त्यातून शिकारी पोटभर खाऊन निघून गेला आणि मग इतरांची पाळी आली, असे चित्र उभे राहते. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९९५-९६ मध्ये लांडगे पुन्हा सोडण्यात आले, तेव्हा डोमकावळे त्यांच्या मागोमाग जाऊन शिकारीवर लगेच उतरताना दिसले. म्हणजे ही उष्ट्याची नव्हे, पंगतीचीच गोष्ट झाली. शिवाय, पूर्वी हिवाळ्याच्या अखेरीस उपासमारीने मेलेल्या हरणांचे मांस एकदम मिळत असे, ते लांडग्यांमुळे हिवाळाभर थोडे थोडे मिळू लागले. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

वाघाची रीत मात्र वेगळी आहे. तो पुष्कळदा शिकार झुडपात ओढून नेतो, तिच्यावर पालापाचोळा लोटतो आणि पुन्हा खायला परततो. वासावर माग काढणाऱ्या तरसाला ती सापडू शकते, पण आपल्याकडील गिधाडे नजरेने अन्न शोधत असल्याने झाकलेली शिकार त्यांना सहसा दिसत नाही. तरसाच्या जबड्यात हाडे फोडण्याचे बळ असल्यामुळे इतरांनी सोडलेला सांगाडाही त्याच्या उपयोगी पडतो. त्याची विष्ठा वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी दिसते ती यामुळेच.

गिधाडांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. गावाबाहेर टाकलेल्या ढोराच्या अंगात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध असले, तर ते खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. रानडुकराच्या किंवा नीलगाईच्या शिकारीत असे औषध नसते. वाघाने पाळीव जनावर मारले असेल तर ही खात्री देता येत नाही, म्हणून ‘आधार मिळेल’ ऐवजी ‘आधार मिळू शकतो’ असे लिहिणे अचूक ठरेल.

या प्राण्यांना ‘परोपजीवी’ तर मुळीच म्हणू नये. तो शब्द गोचिडासाठी, जिवंत प्राण्याच्या अंगावर जगणाऱ्यासाठी आहे.