वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ झकास, फोटो पुसट

बातमीचा फोटो व्हिडिओतून काढला तर चालतो का, असं गेल्या अंकात एकाने विचारलं होतं. मी ‘चालतो’ एवढंच उत्तर दिलं. त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ‘कोणता कॅमेरा घेऊ’ असं विचारणाऱ्यांनी रागावू नये, त्यांचं उत्तर मधेच कुठेतरी सापडेल.

प्रश्न : माळशिरस तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या देतो. ऑफिसला वेबसाइटसाठी व्हिडिओ हवा, छापायला फोटो हवा आणि माणूस मी एकटा. वारीत पुरंदावड्याच्या गोल रिंगणाचं फुल एचडी शूटिंग केलं. व्हिडिओ सगळ्यांना आवडला, पण फोटो काढायला बसलो तर प्रत्येक फ्रेममध्ये अश्व पुसट. कॅमेऱ्यात दोष आहे का?

कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही व्हिडिओ अगदी शिकवल्याप्रमाणे काढलात, म्हणून फोटो बिघडले.

व्हिडिओवाल्यांचा जुना नियम असा की सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ सुटी चित्रं असतील तर शटर १/५० ठेवायचं, म्हणजे ते दर फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहतं. त्यामुळे हालणारी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये थोडी फरफटते आणि डोळ्याला चाल गुळगुळीत दिसते. आता हिशेब करा. रिंगणातला अश्व सेकंदाला दहा मीटर धावतोय असं धरू. १/५० सेकंदात तो वीस सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये त्याचं नाक वीतभर लांब होतं. शटर १/१००० केलंत तर तेच अंतर एक सेंटीमीटरवर येतं आणि छापायला तेवढं पुष्कळ झालं.

पण १/१००० वर काढलेला व्हिडिओ जरा खडखडतो. प्रत्येक फ्रेम कोरीव, त्यामुळे टापा तुटक वाटतात. म्हणून रिंगणात उभं राहायच्या आधी ठरवायचं, आज मालक कोण? छापील फोटो मालक असेल तर १/८०० ते १/१०००. व्हिडिओ मालक असेल तर १/५०, आणि मग फोटोची आशा सोडा. दोघांनाही थोडं थोडं खूश करायला १/२०० ठेवणारे मी पाहिलेत. त्यांचा व्हिडिओही खडखडतो आणि घोडाही हलतो. माझं मत विचाराल तर रिंगणात फोटोला मालक करा. वेबसाइटवर व्हिडिओ बघणारा तो मोबाइलवर, बसमध्ये बघतो. त्याला खडखड कळत नाही, पण पहिल्या पानावरचा पुसट अश्व गावभर कळतो.

उजेडाचं भान मात्र हवं. १/५० वरून १/१००० वर गेलात की कॅमेऱ्यात वीसपट कमी उजेड येतो. दुपारच्या उन्हात हे उलट सोयीचं पडतं, कारण १/५० वर उन्हात काळी काच लावावी लागते, इथे नाही लागत. आषाढातलं आभाळ भरून आलं असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ८०० पर्यंत न्या, भ्यायचं कारण नाही.

फोनवर शूटिंग करणाऱ्यांसाठी : फोनच्या लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र ठरलेल्या मापाचं असतं, त्यामुळे कडक उन्हात तो आपला आपणच शटर वेगवान करतो आणि संध्याकाळी हळू. दुपारचे फ्रेम धारदार आणि पालखीतळावरचे सगळे हललेले, ही तक्रार बऱ्याच पत्रांत आहे. त्याचं कारण हेच. शटर स्वतः धरून ठेवता येईल असं अॅप वापरा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट मिळतं.

शेवटचं, कॅमेरा अश्वाबरोबर जोरात फिरवलात की पताकांच्या काठ्या तिरक्या होतात. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात तुम्ही पुढे सरकलेले असता. त्यापेक्षा चोपदारांना विचारून नीट जागा धरा, कॅमेरा स्थिर ठेवा आणि अश्वाला चौकटीत येऊ द्या.

प्रश्न : लातूरला साप्ताहिकाची पानं लावतो. व्हिडिओतला फोटो किती मोठा छापता येईल, याचं काही सूत्र आहे का?

भागाकार येतो ना, झालं तर. फुल एचडीची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे वीस लाखांच्या जरा वर. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला २०० पिक्सेल पुरतात. १९२० भागिले २०० म्हणजे ९.६ इंच, सुमारे २४ सेंटीमीटर. पाच-सहा कॉलम आरामात. पण हे पूर्ण चौकट वापरली तर. तुम्ही पानं लावणारी मंडळी फोटो कापल्याशिवाय सोडत नाही. निम्मी रुंदी कापलीत की १२ सेंटीमीटर उरले. त्यातून एकट्या माणसाचा चेहरा काढायला गेलात तर पासपोर्टच्या फोटोपुरतंच काय ते उरेल.

४के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. ते वर्तमानपत्राच्या पूर्ण रुंदीला पुरून उरतं. मासिकाच्या मुखपृष्ठाला मात्र नाही पुरत, कारण तिथे इंचाला ३०० लागतात आणि चौकट उभी असते. आडव्या फ्रेमची उंची २१६०, तिला तीनशेने भागा. सव्वासात इंचही भरत नाही. मुखपृष्ठ हवं असेल तर कॅमेराच उभा धरून शूट करावं लागेल. अमेरिकेत ‘एस्क्वायर’ मासिकाने जून २००९ च्या मुखपृष्ठावर रेड वन कॅमेऱ्याच्या व्हिडिओतली फ्रेम छापली होती, पण तो आधी ठरवून, मुद्दाम केलेला थाट. भर सभेत ते जमत नाही.

८के ची फ्रेम तीन कोटी तीस लाख पिक्सेलची असते. त्यासाठी नवा कॅमेरा, नवी कार्डं, नवा संगणक. जिल्ह्याच्या बातमीदाराला ४के पुरेसं आहे. उरलेल्या पैशांत चांगली लेन्स घ्या.

प्रश्न : सांगलीत आयुष्यभर फोटो काढले. बटण कधी दाबायचं हे कळणं म्हणजे फोटोग्राफी, असं आम्ही शिकलो. हल्लीची पोरं शूटिंग चालू ठेवतात आणि रात्री बसून फोटो शोधतात. तुम्ही याला फोटो म्हणता, याचं नवल वाटतं.

भाऊ, अर्धं पटतं. आधी न पटणारं सांगतो.

चित्रफितीतली फ्रेम बातमीचा फोटो म्हणून छापणं हे एचडीचं पाप नव्हे. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अब्राहम झाप्रुडर नावाचा कपड्यांचा व्यापारी ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने चित्रण करत होता. सारी फीत साडेसव्वीस सेकंदांची, ४८६ फ्रेमची. ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाने २९ नोव्हेंबरच्या अंकात त्यातल्या फ्रेम छापल्या. डोक्याला गोळी लागते ती फ्रेम तेवढी वगळली. त्याच शहरातल्या ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’च्या डेव्हिड लीसनने पुढे, २००५ च्या सुमारास, एचडी व्हिडिओ कॅमेरा गळ्यात घालून त्यातल्या फ्रेम पेपरात छापायचा रस्ता धरला. आणि लीसन हा बटण न कळणारा गडी नव्हता. इराकमधल्या फोटोंसाठी त्याला २००४ साली पुलित्झर मिळालं होतं.

शिवाय तुमच्या-माझ्या काळातही क्रिकेटला मोटार ड्राइव्ह (रीळ आपोआप पुढे सरकवणारं यंत्र) लावून बोट दाबून ठेवायचेच की सगळे. सोनीचा २०२३ च्या शेवटी जाहीर झालेला ए-९ मार्क थ्री हा कॅमेरा सेकंदाला १२० फोटो काढतो, पूर्ण आकाराचे. तिथे फोटो कुठे संपतो आणि व्हिडिओ कुठे सुरू होतो, ते तुम्हीच सांगा.

आता पटणारं. १ फेब्रुवारी १९६८ ला, व्हिएतनाम युद्धात, सायगॉनच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामच्या एका जनरलने कैद्याच्या डोक्यात गोळी घातली. एडी अॅडम्स या फोटोग्राफरने फोटो काढला आणि एनबीसी या अमेरिकी वाहिनीचा कॅमेरामन शेजारी चित्रण करत होता. जगाच्या डोक्यात राहिला तो फोटो. आपल्याकडे २६/११ ला सीएसटीवर सीसीटीव्ही चालू होताच, पण कसाब म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझांनी काढलेला फोटो. का? सीसीटीव्ही छताला टांगलेला होता आणि डिसोझा स्वतः स्टेशनात शिरून, जागा निवडून, जीव धोक्यात घालून उभे होते.

म्हणजे भाऊ, बटणापेक्षा जागा मोठी. कुठे उभं राहायचं, कोणाच्या किती जवळ जायचं, चौकटीत काय येऊ द्यायचं नाही, हे व्हिडिओतही आधीच ठरवावं लागतं. ते न करता नुसतं चालू ठेवणाऱ्या पोरांना रात्रभर शोधूनही फोटो सापडत नाही. त्यांच्यावर तुम्ही रागवा, माझी हरकत नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून. २००९ मधल्या पुराच्या एचडीव्ही टेपमधून फोटो काढले, तर माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात.

ते चित्रण इंटरलेस्ड आहे. एक फ्रेम म्हणजे ५४० ओळींची दोन अर्धी चित्रं, एकमेकांत गुंफलेली, पण १/५० सेकंदाच्या अंतराने घेतलेली. जे हललं त्याच्या कडा दोन जागी. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करा. एकच अर्धं चित्र ठेवलंत तर दाते जातील, उभी स्पष्टता निम्मी होईल. दोन कॉलमला छापा. आणि आधी त्या टेप उतरवून घ्या, चालणारी यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत.

प्रश्न : वृत्तवाहिनीवर चाललेल्या व्हिडिओचा फोटो काढून छापला तर?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये चित्रपटातल्या कुठल्याही प्रतिमेचा फोटो घेणं हादेखील हक्कधारकाचाच हक्क धरलाय, आणि व्हिडिओ त्यातच येतो. चालू घडामोडींच्या वार्तांकनाला कलम ५२ मध्ये रास्त वापराची सवलत आहे. पण तिचा अर्थ ‘रोज उचला’ असा नव्हे. वाहिनीला फोन करा, बहुतेक जण श्रेयाच्या बोलीवर देतात.

प्रश्न : कोल्हापूरला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोर्चाच्या व्हिडिओतला एक चेहरा धूसर होता. एआयच्या अॅपने तो इतका छान स्वच्छ झाला की मीच थक्क झाले. असा फोटो बातमीला देता येईल का?

नाही. ठाम नाही.

नीट समजून घे. धूसर चेहऱ्यात जी माहिती कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती कुठलंही अॅप परत आणू शकत नाही. ते हजारो इतर चेहरे शिकून आलेलं असतं आणि त्यावरून नाक-डोळे रचतं. तुला दिसला तो मोर्चातला माणूस नाही, त्याच्यासारखा कोणीतरी आहे. उद्या त्या फोटोवरून पोलिसांनी भलत्याच पोराला उचललं तर? उजेड थोडा वाढव, रंग सुधार, साधं शार्पनिंग कर, तिथेच थांब. चेहरा तरीही दिसत नसेल तर तो दिसत नाही, एवढंच.

तू विचारलं नाहीस, पण एक सांगतो. सेकंदाला २५ फ्रेम असल्या की माणूस त्यांतल्या एखाद्या फ्रेममध्ये हमखास दारुड्यासारखा दिसतो, कारण पापणी अर्धी मिटलेली असते. हात उंचावून नमस्कार करणारा पुढारी मधल्या एका फ्रेममध्ये कानाखाली मारल्यासारखा दिसतो. फोटोग्राफरच्या हाती असा क्षण चुकून लागायचा, व्हिडिओत तो शोधून काढता येतो, आणि शोधणाऱ्याची नियत तिथे कळते. निवडलेल्या फ्रेमच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन सेकंद चालवून बघ. फोटो आणि घटना वेगवेगळं सांगत असतील तर ती फ्रेम सोड.

ओळीत ‘व्हिडिओतून घेतलेले छायाचित्र’ असं लिही. असोसिएटेड प्रेससारखी (एपी) वृत्तसंस्था न चुकता लिहिते, आपल्याला लाज कशाची? मूळ क्लिप पुसू नकोस. काढलेल्या फ्रेमला कॅमेऱ्याची माहिती चिकटून येत नाही. तारीख, वेळ, ठिकाण तुलाच भरावं लागतं. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, येते. फॉरवर्ड होऊन आलेली क्लिप तिथे फारशी कामाची नाही.

प्रश्न : पान सोडायला अर्धा तास आणि समोर वीस मिनिटांची क्लिप. फ्रेम शोधायची कशी? फोनवर थांबवून स्क्रीनशॉट घेतला तर चालेल? (नाशिक, जालना, पणजी)

स्क्रीनशॉट नको. तो तुमच्या पडद्याच्या मापाचा येतो आणि वर बटणांचे ठसे असतात. संगणकावर व्हीएलसीमध्ये क्लिप लावा. ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, विंडोजवर शिफ्ट आणि ‘एस’ दाबलं की चित्र मूळ मापात जतन होतं. सेटिंगमध्ये पीएनजी निवडून ठेवा. व्हिडिओ साठवताना सगळ्या फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, मधल्या बऱ्याच नुसत्या फरकांवर चालतात. म्हणून एखादी मातकट निघाली तर शेजारच्या दोन बघा, एखादी बरी निघते. ऑफिसला व्हॉट्सअॅपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं.

शोधण्याचं म्हणाल तर वीस मिनिटं म्हणजे तीस हजार फ्रेम. तेवढ्या कोणी बघत नाही. काम शूटिंगच्या वेळीच करायचं. हवा तो क्षण झाला, की माइकजवळ हलकेच ‘फोटो’ म्हणा किंवा बोटाने दोनदा टकटक करा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या पट्टीवर तिथे सुळका दिसतो. सुळक्याच्या आधीचे दोन सेकंद बघायचे. ढोल-ताशांच्या मिरवणुकीत हे चालत नाही. तिथे क्षण झाला की तळहात लेन्सपुढे धरून बाजूला घ्या, चित्रांच्या पट्टीवर काळा ठिपका येतो. व्हिडिओ वेबसाइटवर टाकायचा असेल तर तो तळहात तेवढा कापून टाका.