अंतराळवीर की अंतराळवीरांगना?

खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सहावीतल्या मुलीनं निबंधात 'व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही जगातली पहिली महिला अंतराळवीर' असं लिहिलं. गुरुजींनी लाल शाईनं 'अंतराळवीरांगना' केलं. बरोबर कोण?

मुलगी.

'वीर' पुल्लिंगी आहे, हे गुरुजींचं म्हणणं खरंच आहे. पण पेशाची नावं मराठीत माणूस बघून चालतात. 'नवी डॉक्टर आली', 'आमची वकील हुशार आहे', हे आपण बिनदिक्कत बोलतो. 'डॉक्टरीण' म्हणायला जावं तर आमच्याकडं अजून डॉक्टरांची बायको समजतात. तेव्हा नामाला शेपूट लावायची गरज नाही, लिंग विशेषण आणि क्रियापद सांभाळतात: 'नवी अंतराळवीर परत आली.' आदरार्थी बोलतानाही तेच. 'पहिले अंतराळवीर गागारिन', पण 'पहिल्या महिला अंतराळवीर तेरेश्कोवा'. आणि विभक्ती लागली की भांडणच मिटतं. 'त्या अंतराळवीराला विचारा', यात बाई की बुवा ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

'महिला' शब्द मात्र त्या वाक्यात हवाच. गागारिन १९६१ सालीच जाऊन आला होता. नुसतं 'पहिली अंतराळवीर' म्हटलं तर वाचणारा अडखळेल. पण सुनीता विल्यम्सच्या प्रत्येक बातमीत 'महिला अंतराळवीर' कशाला? नऊ वेळा यानाबाहेर पडून काम केलेल्या बाईची ओळख नावावरून होत नाही का?

'वीरांगना' मला दुसऱ्या कारणानं खटकतो. त्या शब्दाला घोडा, तलवार आणि किल्ला चिकटलेला आहे. १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मेला तो शोभतो. तेरेश्कोवा कापडगिरणीत कामाला होती आणि हौसेनं पॅराशूटच्या उड्या मारायची. ती हौसच तिला उपयोगी पडली, कारण व्होस्तोक यानातल्या माणसाला उतरताना सुमारे सात किलोमीटरवर यान सोडून स्वतंत्र पॅराशूटनं खाली यावं लागे. १६ जून १९६३ ला ती निघाली, जवळजवळ ७१ तासांत पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली. यात धाडस आहेच, पण लढाई कुठं आहे? आमची आजी असती तर म्हणाली असती, "ती काय लढाईला जाऊलालीय?" शिवाय छपाईत वेलांटीच्या जागी काना पडला की वीरांगनेची वारांगना होते, ती भीती वेगळीच.

खरी गंमत 'अंतराळ' या शब्दात आहे. मूळ अर्थ मधली जागा. देवळात गाभारा आणि मंडप यांच्यामधल्या चिंचोळ्या भागाला आजही अंतराळच म्हणतात. त्यावरून जमीन आणि आभाळ यांच्यामधली पोकळी. 'अंतराळी लोंबकळणं' म्हणजे ना वर ना खाली. (आम्हा बेळगावच्या सीमेवरच्यांना हा वाक्प्रचार शिकवावा लागत नाही.) तेरेश्कोवा गेली ती त्या मधल्या जागेच्याही पलीकडं, पण शब्द तोच राहिला.

कन्नडात हाच शब्द उलट आत वळला. तिकडं 'अंतराळ' म्हणजे मनाचा तळ, 'अंतराळद मातु' म्हणजे अगदी आतलं बोलणं. बाहेरच्या अवकाशाला ते 'बाह्याकाश' म्हणतात. टिळकवाडीत आमच्या शेजारच्या अक्कांनी एकदा मराठी पेपरातला मथळा अक्षरं लावत वाचला आणि चष्मा वर करून विचारलं, "अंतराळवीर? म्हणजे ध्यानाला बसणारे कोण स्वामी काय?"

त्यांच्याकडं 'गगनयात्री' चालतो, आणि आता भारताच्या गगनयान मोहिमेनंही तोच घेतलाय. यात्रीला बाई-बुवा भेद नाही, तलवारही नाही. मी तो मराठीत आनंदानं वापरेन. अडचण एवढीच, की बेळगावात 'यात्री' म्हटलं की डोळ्यांसमोर आधी येते ती यल्लम्माच्या भंडाऱ्यानं पिवळी झालेली, सौंदत्तीहून परतणारी गाडी.