पान्यावर नाव घाल, पण जपून
हत्यारांची नवी पेटी घेतलीस ना? मग कामाच्या पहिल्या पाळीआधीच हत्यारांवर ओळखीच्या खुणा करून टाक. मार्करने लिहिलेलं नाव ग्रीस आणि रॉकेलपुढे टिकत नाही. पाना, हातोडी यांवर इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने आद्याक्षरं कोर, तीही दांड्यावर, जबड्याजवळ नको. लेटर पंच (ठोकून अक्षर उमटवायचा ठसा) ठोकायचा मोह होईल, पण कानशीसारख्या कडक हत्याराची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. कानशीची मूठच रंगव. व्हर्निअरला (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरला) तर पंच लावूच नकोस, माप बिघडेल. सिरीयल नंबर असला तर वहीत उतरव. १००० व्होल्टपर्यंत इन्सुलेशन असलेल्या पकडीची मूठ तापल्या तारेने डागू नकोस, इन्सुलेशन गेलं की ती पक्कड बाद. तिथे रंगीत टेप. रंग आधी चौकशी करून निवड. मी निळा घेतला, तर वर्कशॉपमध्ये आणखी तिघे निळेवाले निघाले!