जीप अंगणात, कागद मात्र दुसऱ्याच्या नावे

प्रश्न : मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. गेल्या दिवाळीत उमरेड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० घेतली. घरच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी स्वतः काम करून ती उभी करायची, एवढीच हौस. १ लाख ३० हजार रोख दिले, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली. आरसीवर नाव मूळ मालकाचं आहे, ते २०१४ मध्ये वारले. गाडी विकली त्यांच्या धाकट्या मुलाने. मागे आई, मोठा भाऊ आणि दोन विवाहित बहिणी आहेत. नोंदणीची मुदत २०११ मध्येच संपली. आता बॉडी उतरवली तर दोन गोष्टी दिसल्या. आरसीवर प्युजो इंजिनचा नंबर आहे, पण गाडीत डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलेलं आहे. आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे गंजाने खाल्लेत. वेल्डर म्हणतो, ‘पट्टी मारून नंबर ठोकून देतो, कोणाला कळत नाही.’ त्यातच मोठ्या बहिणीचे यजमान फोन करून जीपमध्ये वाटा मागताहेत. व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का? की भंगारातच घालावी लागेल?

उत्तर : आधी वेल्डरला थांबवा. बाकीचं सगळं चार-सहा महिने लांबलं तरी चालेल. त्या जागेवर ग्राइंडर फिरला, तर मात्र तुमची केस वेगळ्याच वाटेला लागेल.

कायद्याच्या नजरेत जीपची ओळख म्हणजे चेसिसवरचा नंबर. इंजिन बदलतं, पत्रा बदलतो, गाडी मात्र चेसिस नंबरवरून तीच धरली जाते. तो नंबर स्वतःच्या हाताने ठोकला, अगदी खरा आणि बरोबर नंबर ठोकला, तरी पाहणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाला दिसतं ते एवढंच : वेल्डिंगची रेघ आणि नवे आकडे. चोरीच्या गाड्यांचंही नेमकं असंच रूप असतं. तिथून पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्ती, बनावटीकरणाचा आणि फसवणुकीचा संशय, आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात. ती सोडवून आणता येते, पण तोवर पावसाळा गेलेला असतो आणि तुमची नवी सीट कव्हरंही.

त्याऐवजी असं करा. गंज काढणारं द्रावण आणि मऊ ब्रश घेऊन ती जागा हलक्या हाताने साफ करा. खरवडू नका. वेगवेगळ्या कोनांतून, बाजूने बॅटरीचा उजेड पाडून फोटो काढा. आरटीओच्या फॉर्मवर घेतात तसा, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून चेसिस प्रिंट घ्या. डोळ्यांना न दिसणारा आकडा कित्येकदा पेन्सिलला सापडतो. इंजिनच्या खणात कंपनीची धातूची पट्टी शिल्लक असेल, तर तिला हात लावू नका. आकडा तरीही वाचता आला नाही, तर नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून तपासणी मागा. नंबर पुन्हा ठोकायचाच झाला, तर तो त्यांच्या लेखी आदेशाने.

याच आठवड्यात करण्याजोगं आणखी एक काम : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. तिथे नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का, ते पाहता येतं. चेसिसचा नंबर आरसीवरून टाका. इंजिनचा मात्र आज प्रत्यक्ष बसलेल्या डीआयवर कोरलेला आहे तो टाका, कारण मला शंका आहे ती त्या इंजिनाच्या कुळाची. निकालाची प्रत छापून फाइलला लावा. चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा ठरण्यासाठी तुम्हाला ते माहीत होतं किंवा तसं वाटायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. आपण होऊन शोध घेतला होता, याचा कागद अशा वेळी कामी येतो. रोख व्यवहार झालाय म्हणून हे जास्तच आग्रहाने सांगतोय. बँकेतून रक्कम काढल्याची नोंद असेल, तर तिचीही प्रत ठेवा.

आता वाटा मागणाऱ्या पाहुण्यांकडे वळू. जावयाला वाटा नाही, त्यांच्या पत्नीला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे आणि मुली सारख्या हिश्शाने वारस होतात. मालकाची आई २०१४ मध्ये हयात नव्हती असं धरलं, तर पाच वारस, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. तुमच्या किमतीच्या हिशेबाने २६ हजार. आणि हे २६ हजार बहिणीने मागायचे ते भावाकडे, पूर्ण किंमत मोजलेल्या तुमच्याकडे नाही.

तुमची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. जंगम मालाची मालकी आरसीने जन्माला येत नाही. ती विक्रीच्या कराराने आणि ताब्याने जाते, आरसी हा तिचा पुरावा. शिवाय माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम २८ प्रमाणे, सहमालकांच्या परवानगीने माल एकाच्याच ताब्यात असेल आणि त्याने तो विकला, तर त्याला विकण्याचा अधिकार नाही याची माहिती नसताना प्रामाणिकपणे घेणाऱ्याला चांगला हक्क मिळतो. जीप इतकी वर्षं धाकट्याच्याच गोठ्यात उभी होती आणि कोणी हरकत घेतली नव्हती, असं दिसतं. मुद्दा लढवण्याजोगा आहे. पण वडील वारलेत आणि भावंडं आहेत हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं की नंतर कळलं, यावर उलटतपासणी होईल. आणि कोर्टात टिकणारा मुद्दा निराळा, गिरीपेठच्या आरटीओ खिडकीवर चालणारा कागद निराळा. तुम्हाला दुसरा हवाय.

म्हणून भांडू नका, उमरेडला जा. आईंना भेटा, फोनवर बोलू नका. अशा घरांत आईने हो म्हटलं की उरलेल्या सह्या आपोआप येतात, हा माझा अनुभव. मालकाचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि उरलेल्या चौघांचं ना-हरकत असं सगळं एका बैठकीत करून घ्या. ना-हरकतीत जीपचा नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक आणि तुम्हाला झालेली विक्री मान्य असल्याचं वाक्य हवं. नुसतं ‘आमची हरकत नाही’ एवढ्यावर भागवू नका. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० खाली दोन पायऱ्या : फॉर्म ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावे, आणि तिथून फॉर्म २९ व ३० ने तुमच्या नावे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा हा अर्ज राहून गेलाय, त्याचा दंड बसेल, तो भरा. आरसीवर एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा लिहिलेला आहे का, तेही नीट पाहा. त्या काळातल्या खेड्यातल्या जिपा बऱ्याचदा कर्जावर घेतलेल्या. कर्ज फिटलं असलं, तरी बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं.

नोंद एमएच-३१ ची आहे, म्हणून अर्ज शहर कार्यालयातच. इतकी जुनी नोंद संगणकावर नसण्याची शक्यता आहे. तसं असेल तर आधी ‘बॅकलॉग एंट्री’चा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात या’ यावर विसंबलात, तर पुढची दिवाळी येईल.

मुदत संपली म्हणजे गाडी मेली, असं नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. वयावरून गाड्या रस्त्यावरून उतरवण्याचे जे आदेश तुम्ही बातम्यांत ऐकता, ते दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचे. नागपूरला ते लागू नाहीत. अर्ज फॉर्म २५ मध्ये, गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये झालं आहे. वर उशिराचा महिन्याच्या हिशेबाने आकार, राज्याचा पर्यावरण कर, आणि रस्ता कर जिथपर्यंत भरला असेल तिथून पुढची थकबाकी. हा सगळा आकडा आधी लेखी मागा, मगच पुढचा खर्च ठरवा. तपासणीला गाडी टोइंगवर न्या. नोंदणी आणि विमा नसताना अमरावती रोडवर चालवत नेऊ नका. एखाद्या सायकलवाल्याला नुसता धक्का लागला, तरी भरपाई तुमच्या खिशातून.

व्हिंटेजचा रस्ता तुम्हाला बंद आहे. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडीच त्यात बसते. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही, आणि नोंदणी झाली तरी रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. मेळघाटात जीप न्यायची स्वप्नं असतील, तर व्हिंटेजच्या वाटेला जाण्यात तसाही अर्थ नव्हता.

खरी अडचण इंजिनाची. तुमच्या मॉडेलला मूळ २११२ सीसीचं प्युजो डिझेल होतं, डीआय आहे २५२३ सीसीचं. विदर्भातल्या निम्म्या जुन्या जिपांत हाच बदल झालेला असेल, कारण डीआयचे सुटे भाग गावोगावी मिळतात. मेकॅनिकच्या दृष्टीने शहाणपणाचं काम. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ म्हणतं : अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्या जिपा नव्याने बांधून विकणाऱ्या हरियाणातल्या डबवालीच्या बाजारातून तयार जीप आणणाऱ्यांनीही हे कलम एकदा वाचावं.

‘आहे तेच डीआय आरसीवर चढवून घेऊ’ असं एखादा एजंट म्हणेल. मी त्यावर पैसा लावणार नाही. त्याच जातीचं प्युजो इंजिन शोधा. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात जुनी माणसं आहेत, विचारा. घेताना पक्कं बिल हवं, इंजिन नंबरासह, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावाही. मग इंजिन बदलाच्या मंजुरीचा अर्ज आधी, बसवणं नंतर. हा खर्च झेपत नसेल तर आजच थांबा. पत्रा आणि रंगावर लाख घालून झाल्यावर थांबणं जास्त महाग पडेल.

विक्रेत्याकडून पैसे परत? इंजिन बदललेलं त्याला माहीत होतं आणि त्याने लपवलं, हे दाखवता आलं तर व्यवहार रद्द करून दिवाणी दावा करता येतो, साधारण तीन वर्षांच्या आत. ग्राहक आयोगात जमणार नाही. तो शेतकरी गाड्यांचा व्यापारी नव्हे. वारसांच्या सह्या ज्या घरातून घ्यायच्या, त्याच घराला नोटीस पाठवायची का, हे ठरवण्याआधी चेसिस नंबर वाचून घ्या. तो आरसीशी जुळलाच नाही, तर मात्र सह्यांच्या मागे न लागता व्यवहार मोडा.

मधल्या काळात सांगाडा अंगणातच राहू द्या. नोंदणीची सक्ती गाडी चालवण्यासाठी आहे आणि विम्याची सार्वजनिक जागेतल्या वापरासाठी; कंपाउंडच्या आत नुसत्या उभ्या गाडीला कोणी चलान करू शकत नाही. रस्त्यावर सोडून दिलेलं वाहन दहा तासांनंतर उचलून नेता येतं, म्हणून जागा करायला दोन दिवससुद्धा फाटकाबाहेर काढू नका. रात्री दहानंतर ग्राइंडर बंद ठेवा, शेजाऱ्यांची पहिली तक्रार त्याचीच असते.

आणि तुमच्या पत्राबरोबरच्या रेखाटनात जीप लष्करी हिरवी दिसतेय. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. दुसरा कोणताही निवडा, आणि आरसीवरचा रंग बदलत असेल तर तीही नोंद नूतनीकरणाच्या अर्जासोबतच करून घ्या.