कवटी प्लास्टरची निघाली, पैसे वाया गेले का?

सर नमस्कार, आमच्या बारक्याला आदिमानवाचं लय वेड, सातवीत आहे, म्हणून सुट्टीत मुद्दाम गाडी करून उत्क्रांतीच्या म्युझियमला नेलं आणि बघतो तर प्रत्येक कवटीखाली बारीक अक्षरात ‘प्रतिकृती’. पोरगं रडायचंच राहिलं. एवढा खर्च करून प्लास्टर बघायचं का? – एक वाचक, सांगली

ताई, राग कळतो, पण अख्ख्या जगात हीच रीत आहे हो. इथिओपियात हदारला 1974 साली ‘लूसी’ नावाची आदिमानव बाई सापडली, 32 लाख वर्षांपूर्वीची, जेमतेम साडेतीन फूट उंच, तिच्याच देशात अदिस अबाबाच्या म्युझियममध्ये लोकांना बघायला ठेवलीय ती प्रतिकृती, खरी हाडं तिजोरीत. चीनमधल्या ‘पेकिंग मानव’ या आदिमानवाची खरी हाडं तर 1941 च्या युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेला पाठवायला म्हणून पेट्यांत भरली आणि गायबच झाली, आजतागायत पत्ता नाही. आधी साचे काढून ठेवले होते म्हणून आज अभ्यास तरी करता येतो.

आणि खरं हाड म्हणजे खरी गोष्ट असं पण नसतं बरं का. इंग्लंडात 1912 ला ‘पिल्टडाऊन मानव’ म्हणून एक कवटी पुढं आली, माणसाचीच कवटी, खाली ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले, वरून रंग दिलेला. हाडं खरी पण प्रकरण बनावट, आणि ते उघडं पडायला 1953 उजाडलं! मधल्या काळात 1924 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेमंड डार्ट यांच्या हाती टाऊंग गावची, आदिमानवाच्या लहान पोराची कवटी आली, त्यांनी ती विणायच्या सुयांनी टोकरून टोकरून दगडातून सोडवली आणि सांगितलं की हे दोन पायांवर चालणारं होतं, तर बरेच मोठमोठे विद्वान ऐकायलाच तयार नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात मोठ्या मेंदूचा पिल्टडाऊन बसलेला, आणि या पोराचा मेंदू पडला लहान. मला विचाराल तर त्या बनावटीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

डार्टनी जे बघितलं ते तुमच्या पोराला प्लास्टरवर पण दिसेल. पुढच्या वेळी कवटीच्या खाली वाकून बघायला सांगा, मणका जोडायचं भोक कुठंय? चिंपांझीचं मागच्या बाजूला, आपलं बरोबर बुडाशी, कारण आपलं डोकं मणक्यावर घागरीसारखं तोललेलं असतं. आणि अस्सलच वस्तू बघायची हौस असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या म्युझियमला जा, तिथं दगडी हत्यारं आहेत. जायच्या आधी फोन करा.

सर, आमच्या विहिरीचं काम चालू आहे, तीस फुटावर कातळात पांढरं हाडासारखं निघालं, एक तर डिट्टो बोटासारखं आहे. गावात चर्चा चालू आहे की आदिमानव सापडला. काय करू? – एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

दादा, आदिमानव नाही, गारगोटी म्हणा. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, माणसाच्या घराण्याची सुरुवातच साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची, मग एवढ्या जुन्या लाव्ह्याच्या पोटात त्याचं हाड येणार कुठून? लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, काही लांबट नळीसारखे, त्यात पुढं पाणी झिरपून झिओलाईट नावाचं खनिज नाहीतर स्फटिक जमले, तेच तुमचं बोट. तुकडा उन्हात धरा, सपाट चकचकीत पैलू नाहीतर पंख्यासारख्या पसरलेल्या सुया दिसतात का बघा. हाडाला आत स्पंजासारखी जाळी असते.

भारतात आदिमानवाचा म्हणावा असा कवटीचा तुकडा 1982 मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनाकियांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोऱ्याला सापडला, पण तो नदीच्या गाळात, कातळात नव्हे.

नाराज होऊ नका, सिन्नरला अशाच दगडांचं ‘गारगोटी’ नावाचं आख्खं म्युझियम आहे. आणि ब्रेकरवाल्याला सांगून ठेवा, पुढची पोकळी लागली की जरा दमानं घे, चांगला गड्डा तुटून जातो.